पडद्यातलं पाणी

हनुवटी ठेवा. कपाळ टेकवा. आत हिरवा प्लस दिसतो, त्याच्याकडे बघा. आता पापणी मिटू नका.

ही चार वाक्यं मी गेली अकरा वर्षं म्हणते आहे. वाशीमच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी ओसीटीच्या मशीनवर काम करते. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा उभा छेद दाखवणारं हे यंत्र. चिरायचं नाही, टोचायचं नाही. नुसता उजेड आत जातो, परत येतो, आणि स्क्रीनवर पडद्याचे थर दिसतात, विहीर खणताना मातीचे दिसतात तसे. चांगल्या डोळ्यात मधोमध एक लहानसा खळगा असतो. बारीक नजर सगळी तिथली. अक्षर, चेहरा, सुईचं नेढं, सगळं त्या खळग्यातून दिसतं. शुगर जुनी झाली की तिथल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पाणी साचतं, पडदा सुजतो आणि खळग्याच्या जागी टेकडी उभी राहते. हे पाणी स्क्रीनवर काळं दिसतं. खाली मशीन एक आकडा देतं, मधोमध पडदा किती जाड झाला त्याचा. अडीचशेच्या आसपास असला की मी मनातल्या मनात ‘सुटला’ म्हणते. पाचशेच्या वर गेला की काही बोलत नाही, कागद छापते आणि डॉक्टरांकडे पाठवते.

मला राग लवकर येतो. पेशंट हलला की स्कॅन वाया जातो, आणि बाहेर रांग वाढतच असते. कोणी म्हातारा म्हणाला, “मले काई हिरवं दिसून नाई राह्यलं बाई,” की मी आवाज चढवायचे, “काका, नीट पाहा न, समोरच हाय.” नाही दिसत म्हणजे नाही दिसत, एवढी साधी गोष्ट कळायला मला माझे बाबा लागले.

बाबा शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शिपाई होते. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, साहेब आले की चहा आणायचा. शिक्षण सातवी. नोकरीसोबत दोन एकर शेती केली, त्यात सोयाबीन आणि तूर. मी त्यांची एकटीच लेक, लग्न होऊन वाशीमला आले, आणि आई गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. त्यांचा डावा डोळा मी लहान असतानाच गेला. तूर सोंगताना तुराटी घुसली होती. तेव्हापासून आमच्या घरात डोळा म्हटलं की तो उजवाच.

आमच्याकडे वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बुद्धविहारात धम्माचा ग्रंथ वाचतात. आधी वंदना होते, मग एक जण वाचतो आणि बाकीचे खाली सतरंजीवर बसून ऐकतात. रोज थोडं थोडं करत तीन महिन्यांत ग्रंथ पुरा होतो आणि शेवटच्या दिवशी खीर करतात. आमच्या विहारात वाचणारा तो एक जण तीस वर्षं माझे बाबाच. दिवसा जी माणसं त्यांना “अरे, पाणी आण रे” म्हणायची, तीच संध्याकाळी त्यांच्यासमोर हात जोडून बसायची. त्या तासाभरासाठी ते पांढरा सदरा वेगळा धुवून ठेवायचे. त्यांच्या आयुष्यातलं सगळं मोठेपण त्या एका तासात होतं, आणि तो तास त्या एका डोळ्यावर उभा होता.

तीन वर्षांपूर्वी ते फोनवर म्हणाले, “पेपरवाल्याचा छापखाना बिघडला वाट्टे. ओळी वाकड्या छापून राह्यला.”

मी हसले. खरं सांगते, हसले. पडद्यात पाणी झालेला दर दुसरा माणूस मला हेच सांगतो, की दाराची चौकट वाकडी दिसते, ओळींना बाक येतो. पण बाबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ती गंमत वाटली. मी जुन्या नंबरावरून अंदाजाने नवा चष्मा करून पाठवला. दोन महिन्यांनी पुन्हा एक चष्मा गावाकडे जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती पाठवला. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यात डोकावणारी मी, आणि बापाला चष्मे पाठवत होते. ये म्हटलं की ते म्हणायचे, “सोयाबीन निंगू दे, मंग येतो.” सोयाबीन निघालं की तुरीचं निमित्त. मी फोनवर चिडायचे, फोन ठेवायचे आणि कामाला लागायचे. त्या चिडण्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेवटी उन्हाळ्यात मीच गेले आणि त्यांना घेऊन आले.

पहिल्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. आमच्याकडे प्रत्येक पेशंट आधी खिडकीवर नाव लावतो, मग अक्षरांच्या तक्त्यासमोर बसतो, मग डोळ्यात थेंब, मग माझं मशीन. बाबांनी तक्त्याच्या वरच्या दोन ओळी वाचल्या. मशीनने आकडा दिला पाचशे साठ. खळग्याच्या जागी टेकडी, टेकडीत काळी काळी पोकळ घरं. डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरवलं.

“डोळ्यात सुई?” बाबांनी विचारलं.

“काही कळत नाई बाबा, सुन्न करतात.”

“कळू दे की. वाचाले आलं म्हंजे झालं.”

दुसऱ्या महिन्यापासून मी ती चूक करायला लागले. चांगल्या मनाने केली, म्हणून जास्त लागते. सकाळची रांग दारापर्यंत असते. ते पहाटे उठून, दोन गाड्या बदलून येणार आणि पुन्हा बाकावर ताटकळणार. घरचा माणूस आहे म्हणून मी त्यांना मागच्या दाराने थेट माझ्या खोलीत घ्यायला लागले. खिडकी सुटली, तक्ता सुटला. फाईलवर मात्र नजरेचा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. मग मी थेंब टाकता टाकता विचारायचे, “बाबा, मागच्यावून कसं हाय?”

“चांगलं हाय.”

“तिसरी ओळ दिसन?”

“दिसन न. काहून नाई दिसणार?”

आणि मी माझ्या पेनाने तिसरी ओळ लिहायचे. पुढच्या महिन्यात चौथी. डॉक्टर फाईल बघायचे, माझा कागद बघायचे आणि इंजेक्शन द्यायचे.

माझा कागद खोटा नव्हता. चारशे तीस, मग तीनशे दहा. काळी घरं एकेक करून मिटत होती. पाऊस लागला त्या महिन्यात आकडा आला दोनशे अठ्ठेचाळीस, आणि टेकडीच्या जागी पुन्हा खळगा. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटले, आणि शुगर असताना बाबांनाही अर्धा पेढा भरवला. म्हटलं, “बाबा, पाणी गेलं!”

बाबांनी पेढा चघळत माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. “तू खुश हाय न?”

“मी काय, तुमी खुश व्हा.”

“मी त खुशच हाय,” ते म्हणाले.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती. आतल्या हिरव्या प्लसकडे माणूस पाहत असला की स्कॅनची रेघ आपोआप खळग्यावर येते. बाबांची रेघ दर वेळी बाजूला पडायची. “प्लस दिसते का?” विचारलं की “दिसते” म्हणायचे. मी म्हणायचे, “मंग हलू नका न.” ते “बरं बरं” म्हणायचे. रेघ तरी बाजूलाच. दुसरा कोणी असता तर मी कागदावर लिहिलं असतं, पेशंटची नजर ठरत नाही. बाबांच्या बाबतीत मी माऊस धरायचे, रेघ ओढून खळग्यावर आणायचे आणि बटण दाबायचे. मशीन मला सांगत होतं की हा माणूस प्लस पाहत नाही. मी माऊसने मशीनचं तोंड बंद केलं.

आकड्याच्या आनंदात मी ओळखीतून नागपूरहून ग्रंथाची मोठ्या अक्षरांची प्रत मागवली. जुन्या प्रतीच्या दुप्पट जाड. बाबांनी ती मांडीवर घेतली, हात फिरवला, वजन पाहिलं.

“अक्षरं मोठी हायेत न?” मी विचारलं.

“लय मोठी.”

पण विहारात ते जुनीच प्रत नेत राहिले. मी विचारलं की म्हणायचे, नवी आहे, शेवटच्या दिवशी काढू. मला वाटलं, जपून ठेवतात.

आश्विन पौर्णिमेला मी सुट्टी काढून गावी गेले. शेवटचं वाचन आमच्याकडे सकाळीच असतं. दहा वाजले होते, विहाराची दोन्ही दारं उघडी, चांगला लख्ख उजेड. वंदना झाली. मी नवी प्रत समोर ठेवली, शेवटचं प्रकरण उघडून दिलं आणि बाबांच्या शेजारीच बसले. मला त्यांना वाचताना जवळून पाहायचं होतं. माझ्या मशीनने केलेलं काम मला पाहायचं होतं, असंच म्हणा.

बाबांनी सुरुवात केली. आवाज तोच, भरदार, शब्द सुटे सुटे. त्यांच्याबरोबर मीही डोळ्यांनी वाचत होते. पान संपलं, समोरचं पान सुरू झालं, तेही संपलं. बाबा थांबले नाहीत. पानही उलटलं नाही. आवाज पुढे चालला होता आणि समोरचा कागद मागे राहिला होता. मला आधी वाटलं, पाठ असेल, पुढचं आठवत असेल. मग बऱ्याच वेळाने त्यांचा हात उठला, अंगठ्याला थुंकी लावली आणि त्यांनी एक पान उलटलं. जुन्या प्रतीत जिथे पान संपायचं, बरोबर तिथे. तीस वर्षांची हाताची सवय. नव्या प्रतीत तेवढ्या मजकुराला दोनदा उलटावं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी ती प्रत कधी वाचलीच नव्हती.

पुढे मी ऐकलं नाही, फक्त त्यांच्या डोळ्याकडे पाहत राहिले. डोळा पानावर फिरत होता, डावीकडून उजवीकडे, अगदी वाचणाऱ्या माणसासारखा. मध्ये एका ठिकाणी ते अडले. पुढच्या ओळीत बसलेल्या मावशीने, माझ्या आईची ती मैत्रीण, मान वर न करता पुढचा शब्द हळूच टाकला. बाबांनी तो उचलला आणि गाडी पुढे गेली. कोणी चुळबुळ केली नाही. कोणाला त्यात नवल वाटलं नाही. ते पाहून मला जास्त धक्का बसला.

वाचन संपलं. सगळ्यांनी साधु, साधु, साधु म्हटलं. मावशी बाहेर खिरीच्या गंजाजवळ, मोठ्या पातेल्याजवळ, वाट्या मांडत होती. मी तिला गाठलं.

“मावशी, तुले ठाऊक व्हतं?”

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. “मागच्या सालापासून. समद्याईले ठाऊक हाय.”

“मंग मले काहून नाई सांगतलं?”

“त्यायनंच नको म्हटलं. म्हणे, पोरगी लय मेहनत करून राह्यली, तिची मशीन म्हणते पाणी कमी झालं. तिले काहून दुखवा.” मग वाटी माझ्या हातात देत म्हणाली, “अन् वाचाले दुसरं कोन हाय आमाले? त्यायले येते पाठ. आमालेबी थोडं थोडं येते. भागते.”

मला त्या सगळ्यांचा राग आला. मग स्वतःचा. खीर मी तशीच ठेवून दिली.

घरी आल्यावर बाबा सदरा काढून खुंटीवर अडकवत होते. खुंटी त्यांना बरोबर सापडली. कडेचं त्यांना दिसतं, फक्त मधलं दिसत नाही. म्हणून शेतात जाता येतं, दार दिसतं, माणूस आला एवढं कळतं. चेहरा दिसत नाही आणि अक्षर दिसत नाही. या आजाराची ही खोड मला पाठ आहे, पेशंटच्या नातेवाइकांना मीच समजावून सांगते.

“तुमी पानं बरोबर उलटवली नाई बाबा,” मी म्हटलं.

ते बाजेवर बसले. “पकडलं म्हंजे तुनं.”

“केव्हापासून?”

“तुह्या पहिल्या सुईच्या वक्ती तक्त्याच्या वरच्या मोठ्या दोन ओळी दिसत व्हत्या. मंग त्याबी गेल्या.”

“अन् मी दर महिन्याले विचारत व्हती!”

“तू इचारे तवा तुह्या आवाजात लय आशा राहे, बाई.” ते हे समजुतीच्या सुरात म्हणाले, जणू दुखणं माझं होतं. “वावरात पाणी तुंबते न, आठ-आठ दिवस. मंग ते निंगून जाते. वाफसा येते, माती चांगली दिसते. पन सोयाबीन पिवळं पडलं ते पडलंच. तू पाणी मोजत व्हती. तुहं मोजनं बरोबरच व्हतं.”

मी रडले. त्यांनी रडू दिलं. “मंग विहारात काहून?” एवढंच मी विचारू शकले.

“थो एक तासच त हाय मले,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्यांचे सगळे जुने स्कॅन उघडले. पडद्याच्या खालच्या अंगाला एक बारीक पांढरी रेघ असते. ती सलग असली तर नजर असते. ती तुटली की वरचं पाणी आटून काही उपयोग नसतो. तिसऱ्याच स्कॅनमध्ये ती मधोमध तुटलेली होती. बहुतेक आधीच तुटली असावी, सुजेखाली झाकलेली. मी आकडा वाचून कागद पुढे पाठवत होते. डॉक्टर फाईल चाळून शांतपणे म्हणाले, “आधी कळलं असतं तरी कदाचित फार काही करता आलं नसतं. पण ही चौथी ओळ कोणी लिहिली?” मी म्हटलं, मी. त्यांनी फाईल मिटली. ‘कदाचित’ हा शब्द अजून माझ्याजवळ आहे. वर्षभर आधी आणलं असतं तर, हेही आहे.

त्यानंतरच्या सोमवारी मी बाबांना पुढच्या दाराने आणलं. खिडकीवर नाव लावलं. रांगेत ते बाकावर बसले, मी शेजारी. त्यांना उगीच मजा वाटत होती, “आज लाइनीत लावलं तुनं मले.” तासाभराने नंबर आला. तक्त्यावर काम करणाऱ्या ताईने उजव्या डोळ्यासाठी विचारलं, “काका, काय दिसते?”

बाबांनी मान इकडून तिकडे फिरवली. “तक्ता कुठं हाय?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. तक्ता दिसत नसेल तर बोटं दाखवून विचारायची रीत आहे. मी तिला म्हटलं, हे मी घेते. बाबांसमोर स्टूल ओढून बसले आणि हातभर अंतरावर दोन बोटं धरली.

“बाबा, किती बोटं?”

“तीन,” ते लगेच म्हणाले. आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला पाहत हसून विचारलं, “बरोबर हाय न?”

इतक्या महिन्यांची सवय लागलेली जीभ ‘हो’ म्हणायला उठली होती. “नाई बाबा,” मी म्हटलं. “चुकलं.”

त्यांचं हसू गेलं. मग त्यांनी हात पुढे केला, हवेत चाचपला, माझी दोन्ही बोटं त्यांच्या खरखरीत मुठीत धरली आणि दाबून पाहिली.

“दोन,” ते म्हणाले. “आता?”

“आता बरोबर हाय.”

“मंग लिही दोन.”

“हात लावून चालत नाई बाबा.”

“बरं,” ते म्हणाले, पण बोटं सोडली नाहीत. “मंग जे हाय ते लिही.”

माझा उजवा हात त्यांच्या मुठीत होता. मी फाईल मांडीवर ओढली, पेन डाव्या हातात घेतलं आणि नजरेच्या रकान्यात वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, बोटं मोजता येत नाहीत.